भूगोलाचं टाइमटेबल भरती-ओहोटीला विचारून लावा

मागच्या वर्षीची गोष्ट. टीवायच्या प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा चालू होती आणि बाहेरून आलेल्या एक्सटर्नल सरांनी एका मुलीला अगदी साधा प्रश्न विचारला, आपण आत्ता बसलोय ते ठाणं बेटावर आहे की मुख्य भूमीवर? मुलगी हुशार, जर्नल देखणं, टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावर, उल्हास नदी, तिचे फाटे, दलदल, सगळं बरोबर ओळखून लिहिलेलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, मुख्य भूमीवर, सर. ती राहते कळव्याला. म्हणजे रोज सकाळी लोकलने खाडीवरचा पूल ओलांडून ती बेटावर येते आणि संध्याकाळी परत मुख्य भूमीवर जाते, तीन वर्षं हे चालू आहे आणि हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. सांगायचं काम माझं होतं. मी तिला तीन वर्षं शिकवत होते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. उल्हास नदी ठाण्याच्या वर येऊन फुटते, मोठा फाटा घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो आणि एक अरुंद फाटा कळव्याच्या पुलाखालून दक्षिणेला ठाणे खाडीत उतरतो, या दोन पाण्यांमुळे साष्टी हे बेट होतं आणि जुनं ठाणं त्या बेटाच्या कोपऱ्यावर बसलंय. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर येऊन ठाण्यालाच संपली, पुढे खाडी होती, तिच्यावर पूल झाला तेव्हा १८५४ मध्ये गाडी कल्याणला गेली. हे सगळं आमच्या वर्गापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आणि आम्ही वर्गात काय शिकवत होतो, तर नदीच्या त्रिभुज प्रदेशाचे प्रकार, फळ्यावर आकृती काढून, उदाहरण नाईल आणि मिसिसिपी.

माझं म्हणणं असं आहे की कॉलेजात भूगोल शिकवायचा तर वर्षातून एकदा लांबची टूर काढून भागणार नाही. जवळची एकच जागा धरायची आणि तीन वर्षं तिथेच परत परत जायचं, आणि जायची वेळ कॉलेजच्या बेलवर ठरवायची नाही, त्या जागेच्या घड्याळावर ठरवायची. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्यासाठी ती जागा म्हणजे खाडी. दुसऱ्या गावात ती नदी असेल, माळ असेल, बाजार असेल.

आधी टूरबद्दल बोलते कारण बहुतेक लोकांना फील्डवर्क म्हटलं की टूरच आठवते. मी स्वतः विद्यार्थिनी असताना गेलीये आणि नंतर शिक्षिका म्हणून मुलांना घेऊनही गेलीये. सहा दिवस, त्यातले अडीच दिवस प्रवासात, बस थांबते, सर खाली उतरून हात करून दाखवतात की ही यू आकाराची दरी आहे, मुलं फोटो काढतात, चहा पितात, बस निघते. परत आल्यावर पंधरा दिवसांत रिपोर्ट सबमिट करायचा असतो आणि तो मागच्या बॅचच्या सॉफ्ट कॉपीवरून होतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, झेरॉक्सवाल्याकडे जिल्ह्याची लोकसंख्या आणि पाऊस घातलेली पहिली वीस पानं तयारच असतात, फक्त ग्रुप फोटो बदलायचा. आणि ज्या मुलांच्या घरी टूरचे पैसे नसतात ती मुलं येतच नाहीत. त्यांच्याकडून आम्ही 'पर्यायी असाइनमेंट' म्हणून तोच रिपोर्ट हाताने लिहून घेतो. म्हणजे मार्क सगळ्यांना, अनुभव पैसेवाल्यांना. मला याचा फार त्रास होतो, कारण जी मुलं राहतात ती बहुतेक दिव्याची, दिघ्याची, रबाळ्याची असतात. खाडी, डोंगर, खाण आणि पूर हे बाकीच्यांपेक्षा जास्त जवळून बघितलेली मुलं.

टूरला माझा विरोध नाही. हिमनदी बघायला हिमालयातच जावं लागेल. पण एकदाच बघितलेल्या जागेबद्दल प्रश्न पडत नाही, माहितीच मिळते. प्रश्न पडायला तीच जागा दुसऱ्यांदा बघावी लागते, कारण तेव्हा काहीतरी बदललेलं असतं आणि का बदललं हे विचारावंसं वाटतं.

आता आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाहीये हे कळेल.

वर्गाचे तीन ग्रुप केले. एक वाशी गावाच्या जेटीवर, एक ऐरोलीला, एक कळव्याच्या पुलाजवळ. प्रत्येकाकडे एक बांबू, त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा ऑइलपेंट, मुलांनीच मारलेला. दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठल्या पट्ट्याला आहे ते बघायचं आणि ग्रुपवर टाकायचं, बस एवढंच काम. आमच्यात एक मुलगा कुबड्यांवर चालतो, तो वाशीच्या जेटीच्या पायरीवर बसला आणि तिन्हीकडचे आकडे एका वहीत उतरवायचं काम त्याने घेतलं. मी त्याच्याबरोबर होते. रविवार होता, सप्तमी. जेटीवर जाळं शिवत बसलेल्या एका काकांनी आमचा बांबू बघितला आणि विचारलं की काय मोजताय, आम्ही म्हटलं भरती कधी पूर्ण होते ते बघतोय, तर ते मान वर न करताच म्हणाले, "आज सप्तमी ना, मंग सव्वापाच." मुलांनी फोन काढले आणि भरतीची वेळ शोधायला लागली. काकांनी हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, तिथून पुढे परत पहिल्यापासून. कोकण किनाऱ्यावर ही रीत कित्येक पिढ्या चालत आलीये, ती अंदाजाची आहे, थोडं मागेपुढे होतं, पण तिच्यात अख्खा धडा आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा, आणि तिथी म्हणजे चंद्राचंच घड्याळ, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. हे सगळं मी फळ्यावर दोन वर्षं शिकवलं होतं. जेटीवर कळलं तसं वर्गात एकालाही कळलेलं नव्हतं.

मग खरी मजा आली. वाशीला पाणी चढायचं थांबलं, पट्टा तोच, पुढच्या वेळी एक बोट खाली. आमच्या वहीवाल्याने ग्रुपवर टाकलं की भरती संपली. कळव्याहून मेसेज की नाही नाही, इथे अजून चढतंय. दोन्हीकडून भांडण सुरू, तुमचा बांबू चुकलाय, तुमचं घड्याळ पुढे आहे, एकाने तर व्हिडिओच पाठवला. मी काही बोलले नाही, आणि गप्प बसणं फार अवघड जातं शिक्षकाला, पण बसले. वीसेक मिनिटांनी एका मुलीने लिहिलं की मॅडम, पाणी वाशीवरून कळव्याला चालत जातंय का, म्हणून वेळ लागतोय का? तिला ते स्वतःला सुचलं. खाडी आत अरुंद होत जाते, उथळ होत जाते, भरतीची लाट आत पोचायला वेळ घेते, हे वाक्य कुठल्याही पुस्तकात मिळेल, पण ते पुस्तकातून घेणं आणि मित्राशी भांडता भांडता सापडणं यात किती फरक आहे ते त्या दिवशी मला दिसलं.

आणि ऐरोलीचे आकडे? ते भलतेच निघाले. पाणी मधेच दहा सेंटिमीटर उडी मारून वर गेलं, जे होणं शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत जाऊन बघितलं तर बांबू चिखलात खाली गेला होता आणि थोडा कलला होता. चूक झाली म्हणून मुलं रडवेली झाली, मार्क जाणार असं वाटलं त्यांना. मी त्यांना त्याच चुकीवर लिहायला सांगितलं, बांबू किती खचला असेल, कधी खचला असेल, आकडे दुरुस्त कसे करता येतील, पुढच्या वेळी बांबू जेटीच्या दगडाला बांधायचा की नाही. बारा पानी लिहून आणलं त्यांनी आणि त्यातलं एक वाक्यही झेरॉक्सच्या दुकानात मिळणारं नव्हतं.

आता टाइमटेबलचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मुंबई किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाला, पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. खाडीत आत अजून थोडा उशीर. कॉलेज भरतं कधी, तर सकाळी साडेसात ते दुपारी दीड. म्हणजे जी ओहोटी सगळ्यात जास्त उतरते, जिच्यात खाडीचा तळ उघडा पडतो, चिखलाचे पाट दिसतात, ती कॉलेजच्या वेळेत कधीच येत नाही. तुम्ही वर्षभर अकराच्या लेक्चरला मुलांना खाडीवर नेलंत तरी उधाणाचा तळ त्यांना दिसणार नाही, फक्त भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत थोडाफार दिसेल. हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही कारण टाइमटेबल बनवताना विषय कोणता आहे ते बघतच नाहीत, गणिताला जसा तास तसा भूगोलाला तास. आम्ही पहिल्यांदा अमावास्येला पहाटे गेलो तेव्हा मुलं नुसती उभी राहिली. जिथे दुपारी पाणी असतं तिथे लांबपर्यंत करडा चिखल, त्यात निवट्या उड्या मारतायत, तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. एकीने तिवराच्या पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून जिभेला लावलं आणि ओरडली, खारट! झाड मीठ बाहेर टाकतं हे तिने पाठ केलेलं होतं. 'क्षारसहिष्णू वनस्पती', दोन मार्कांना.

उधाण आणि भांग हे शब्दही बघा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात उधाणाची भरती आणि भांगाची भरती अशा व्याख्या आहेत, आणि मुलं दोन्हींची अदलाबदल करतात, दर परीक्षेत, स्पर्धा परीक्षेतसुद्धा. हे शब्द काय कुठल्या समितीने शोधले नाहीत, किनाऱ्यावरची माणसं रोज बोलतात ते आहेत. माझ्या वर्गात दिवागावचा एक कोळ्याचा मुलगा होता, त्याला हे शब्द घरातून येत होते आणि तरी तो परीक्षेत चुकला, कारण पुस्तकातलं उधाण आणि बाबांच्या तोंडातलं उधाण एकच आहे हे त्याला कोणी जोडून दिलं नव्हतं. उलट वर्गात तो आपल्या घरची भाषा लपवायचा. जेटीवर मात्र सगळे त्याला विचारत होते. हा बदल मी डोळ्यांनी बघितलाय आणि केवळ यासाठी सुद्धा मी फील्डवर्कसाठी भांडायला तयार आहे.

काही लोक म्हणतात की एका खाडीवरून जगाचा भूगोल कसा शिकवणार. का नाही? पाणी पाच मीटर चढताना ज्याने इथे बघितलंय त्याला खंभातच्या आखातात ते याच्या दुप्पट चढतं म्हणजे काय होत असेल ते डोळ्यासमोर येतं. ज्याने बघितलेलंच नाही त्याला पाच काय आणि दहा काय.

शिवाय खाडी म्हणजे नुसता निसर्ग नाही. नवी मुंबई बघा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठची खाजणं, मिठागरं, भातशेती भरून नोड, म्हणजे नव्या शहराचे एकेक भाग, उभे राहिले. वाशी-बेलापूरची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे, तरी शहर दर भरतीला बुडत नाही, ते का? धारण तलावांमुळे. भरती आली की झडपा बंद, खाडीचं पाणी आत येत नाही, तेवढा वेळ शहरावर पडलेला पाऊस तलावात साठतो, ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत. याला डच पद्धत म्हणतात. पण आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी सांगितलं की आमच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी होती ती हेच करायची, भरतीला बंद, ओहोटीला उघडी, भाताला खारं पाणी लागू नये म्हणून. त्या मुलीने धारण तलावाच्या झडपेचं आणि आजोबांनी सांगितलेल्या उघाडीचं चित्र शेजारी शेजारी काढून आणलं. मला वाटतं पदवीच्या पातळीवर याच्यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आणि त्या तलावांवरचा वाद तर अजून चालू आहे. तलावात गाळ भरला, गाळावर तिवरं उगवली, आता गाळ काढायचा म्हणजे तिवरं जाणार, आणि तिवरांना २००५ पासून हायकोर्टाच्या आदेशाचं संरक्षण आहे. नाही काढला तर तलावात पाणी मावत नाही आणि पावसात, नेमकी दुपारची उधाणाची भरती असेल तर, सेक्टरमध्ये पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तशा दिवशी काय होईल? याचं उत्तर पुस्तकात नाही, माझ्याकडेही नाही. वर्गातले निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या, आणि दोन्ही बाजूंना बोलायच्या आधी तलावावर जाऊन गाळ किती खोल आहे ते काठीने मोजून यायला लागलं. तिकडे गेल्यावर दोघांचीही मतं थोडी थोडी हलली. नागरिक म्हणून उद्या हीच मुलं पालिकेत हरकती-सूचना देणार आहेत, तेव्हा निदान काठी घालून बघितलेली असेल.

टोपोशीटचंही तसंच. आम्ही १:५०,००० चा नकाशा देतो, वीस मीटरच्या समोच्च रेषा, आणि मुलं टेबलावर बसून छेद काढतात. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटरची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं, आणि आमच्या कपाटातल्या जुन्या शीटवर ती टेकडी अजून उभी आहे, मुलं तिचा सुंदर छेद काढून मार्क घेतात. नकाशा हातात घेऊन तिकडे गेलं की पहिल्या पाच मिनिटांत कळतं की नकाशा ही एका सालाची गोष्ट असते. टेकडी गेली हे बरं झालं की वाईट हे मुलांनी आपापलं ठरवावं. पण ती गेलीये हे तरी भूगोलाच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं ना!

मानवी भूगोलाचं थोडक्यात सांगते, घणसोली गावठाणातली गल्ली आणि शेजारच्या सेक्टरमधला रस्ता टेपने मोजा, घरं किती मजली ते लिहा, मग एखाद्या आजींना साडेबारा टक्के, म्हणजे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा हिस्सा, म्हणजे काय ते विचारा. एक संध्याकाळ पुरते.

आता विरोधात जे बोललं जातं त्याच्याकडे येते, आणि मी ते हलक्यात घेत नाही.

सगळ्यात मोठी भीती सुरक्षेची. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ कॉलेज विद्यार्थी बुडाले, त्यानंतर कुठलंही कॉलेज पाण्याजवळ मुलांना न्यायला घाबरतं, आणि घाबरणं बरोबरच आहे. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावरही मुलं बुडालीयेत. कुणाचंही मूल आमच्या हातून जाता कामा नये, याच्यापुढे कुठलाही अभ्यासक्रम नाही. पण मी उलट विचारते, धोका कुठे जास्त आहे? अनोळखी किनाऱ्यावर, वर्षातून एकदा, सहलीच्या उत्साहात, दीडशे मुलांमागे चार शिक्षक, की ओळखीच्या जेटीवर, वीस मुलांची बॅच, तिथल्या माणसांच्या नजरेसमोर, भरतीची वेळ आधीच माहीत असताना? आमचा नियम कडक आहे, पाण्यात कोणी उतरायचं नाही, चिखलात घोट्याच्या वर जायचं नाही, एक स्थानिक माणूस बरोबर हवाच आणि जून ते सप्टेंबर धबधब्याजवळ, नाल्याजवळ अजिबात नाही. आणि दुसरं, आपल्या मुलांना समुद्र कळत नाही हाही धोकाच आहे. ओहोटीची ओढ कशी असते, पाणी मागून वळसा घालून कसं येतं, हे ज्याने तीन वर्षं नोंदवलंय तो मित्रांबरोबर स्वतःच्या पैशाने अलिबागला जाईल तेव्हा पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

मुलींच्या पालकांचे फोन येतात, पहाटे सहाला का. मी प्रत्येकाशी बोलते, दोन-तीन आया तर स्वतः बरोबर आल्या, एक दर वेळी येते, आता तिला तिवर आणि चिप्पी ही खारफुटीची दोन झाडं लांबून वेगळी ओळखता येतात. टॉयलेट कुठे आहे हे आधी बघून ठेवावं लागतं, हे कुठल्याही फील्ड मॅन्युअलच्या पहिल्या पानावर यायला हवं, कारण तेवढ्यावरून मुली येत नाहीत.

मग एमपीएससी. आमच्याकडे निम्मी मुलं भूगोल घेतात ती स्पर्धा परीक्षेसाठी, त्यांना वाटतं खाडीवर गेलेला वेळ वाया गेला, तेवढ्यात दोन चॅप्टर झाले असते. त्यांची घाई मला समजते, घरची परिस्थिती असते, वय चाललेलं असतं. पण त्यांनाच मी सांगते की पाठ केलेलं तीन महिने टिकतं. निवडून आलात तर उद्या तहसीलदार म्हणून पंचनामा करायला बांधावर जाल, तिथे चार पर्यायांतला एक निवडायचा नसतो.

आणि सॅटेलाइट? इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर सगळं दिसतं, गुगल अर्थवर दिसतं, मग उन्हात कशाला जायचं? महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कात जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांवर, काम करणारे माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांना विचारा. इमेजमध्ये हिरवं दिसतं, ते तिवर आहे, गवत आहे की तलावावर साचलेलं शेवाळ आहे हे सांगायला कोणीतरी तिथे गेलेलं लागतं. जी मुलं गेलेली असतात त्यांना स्क्रीनवरही जास्त दिसतं. दोन्ही हवं, आणि आधी पायाने हवं.

राहिला पोर्शन आणि वेळ. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. पाच तासांची एक फेरी धरली तर बारा फेऱ्या झाल्या. नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला वेगळी जागाही आहे. म्हणजे तास कागदावर आहेत, कोणाकडे नवीन काही मागायचं नाहीये, फक्त ते तास चार भिंतींत बसून ट्रेसिंग पेपरवर घालवायचे की नाही एवढंच ठरवायचंय.

शिक्षकांचं मात्र नवीन मागायचंय. मी तासिका तत्त्वावर आहे. वर्गात उभी राहिले की तासाचे पैसे मिळतात, खाडीवर पाच तास उभी राहिले तर एकाही तासाचे मिळत नाहीत, मस्टरवर तसा कॉलमच नाही. माझ्यासारखे खूप जण आहेत, ज्यांना हे सगळं करायची इच्छा आहे पण दोन कॉलेजं आणि एक क्लास सांभाळून महिना कसाबसा जुळतो. फील्डचा तास हा शिकवण्याचाच तास धरा, विद्यापीठाने तसं स्पष्ट लिहून द्या, मग बघा किती शिक्षक बाहेर पडतात. आणि परीक्षाही बाहेर घ्या. एक्सटर्नलने टेबलामागे बसून जर्नलवर सही करण्याऐवजी मुलांबरोबर जेटीवर यावं आणि विचारावं, हे काय दिसतंय, का दिसतंय.

अजून एक गोष्ट मनात आहे. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की कॅमेरे घेऊन गर्दी होते. पण त्याच खाडीच्या दोन्ही काठांवर इतकी कॉलेजं आहेत, प्रत्येकाने काठाचा एखादा तुकडा धरला आणि दर महिन्याला गाळ किती, तिवरांची कड कुठे, पाणी कुठवर आलं एवढंच लिहून पुढच्या बॅचच्या हातात वही दिली, तर दहा वर्षांनी आपल्याकडे आपल्या खाडीची स्वतःची नोंद असेल, इथल्याच मुलांच्या हातची. पालिकेला, कोर्टाला, कोणालाही दाखवता येईल अशी.

आमची वही दोन वर्षांची झालीये. पहिल्या पानावर तो ऐरोलीचा खचलेला बांबू आहे, दुरुस्तीसकट. या आठवड्यात ती एफवायच्या मुलांना दिली आणि घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात येती अमावास्या बघून या म्हटलं. एकाने लगेच विचारलं, मॅडम, कॉलेजला सुट्टी असली तर? तर बरंच आहे. पहाटे सहाला जेटीवर, बांबू, दोरी, पाण्याची बाटली, जुने बूट. दोरी जाड आणा, बांबू दगडाला बांधायचाय.